बिब्ब्याचं तेल

चिकुनगुनियातून उठले, तरी बोटांचे सांधे अजून धरतात. पिपेट नीट धरता येत नाही. म्हणून हल्ली यवतमाळच्या आमच्या प्रयोगशाळेत मी नुसती उभी असते. काम मुलं करतात. हे उभं राहणं मला आवडू लागलंय.

आज एम.फार्म.च्या मुलांनी बिब्बे विटेच्या चुऱ्यात चोळायला घेतले. आयुर्वेदातली शोधनाची ही जुनी रीत. लाल चुरा हळूहळू काळपट, तेलकट होत जातो. हेच तेल अंगावर उततं. हातमोजे होतेच, पण केळापूरकडच्या कोलाम पोडावरून आलेल्या मुलीनं आधी सगळ्यांच्या मनगटांना खोबरेल चोळलं. "आजी असंच करते," म्हणाली.

मला सर्पगंधा आठवली. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ साली रक्तदाबावरचा तिचा गुण जगापुढे मांडला. १९५२मध्ये स्वित्झर्लंडात तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या ती मुळी ओळखणारे कोण होते? २००२च्या जैवविविधता कायद्यानं अशा जाणकारांचा वाटा मान्य केला. क्रोमॅटोग्राफीच्या आधी मुलांना हे शिकवायला हवं, असं मला फार वाटतं.

आमच्या हर्बेरियमच्या चिठ्ठीवर गाव असतं, तारीख असते, गोळा करणाऱ्याचं नाव असतं. झाड दाखवणाऱ्याला रकाना नाही. तो घालावा म्हणते. पण त्या आजीला आपलं नाव तिथं हवंय का, हे अजून कुणी विचारलेलं नाही.