स्नायुबलाची परीक्षा

विद्यार्थ्यांचें ज्ञान गुणांत मोजण्यांत आमचें बहुतेक आयुष्य गेलें. त्यामुळें कोणतीही परीक्षा दिसली कीं ती नेमकें काय मोजते आणि काय मोजावयाचें राहून जातें, हा प्रश्न आमच्या मनांत आपोआप उभा राहतो. शाळेंत माप चुकलें तर मुलाचें एक वर्ष जातें. परंतु कांहीं परीक्षा अशा आहेत कीं तेथें माप चुकलें तर गुणकारी औषधहि निरुपयोगी ठरावें. न्यायशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर प्रमाण सदोष असलें कीं प्रमेय सिद्ध होत नाहीं. अशाच एका परीक्षेविषयीं आज वाचकांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

तुळजापूर तालुक्यांत आमचे एक चुलत बंधु राहतात. त्यांच्या नऊ वर्षांच्या नातवास डुशेनचा स्नायुक्षय, म्हणजे मस्क्युलर डिस्ट्रॉफी या विकाराचा एक उग्र प्रकार आहे. फ्रेंच वैद्य डुशेन यांनीं १८६८ सालीं त्याचें सविस्तर वर्णन केलें. स्नायूंच्या पेशींस आधार देणारें डिस्ट्रोफिन नांवाचें प्रथिन या मुलांच्या शरीरांत तयार होत नाहीं. म्हणून नित्याच्या हालचालीनेंच स्नायु झिजत जातात. हा विकार बहुधा मुलग्यांसच होतो. पोटऱ्या भरदार दिसतात, पण त्यांत बळ नसतें. जमिनीवरून उठतांना मूल स्वतःच्या गुडघ्यांवर व मांड्यांवर हात टेकीत टेकीत वर येतें. लंडनचे डॉक्टर गॉवर्स यांनीं ही उठण्याची रीत १८७९ सालीं नोंदली. रोगाची खूण म्हणून डॉक्टर ती आजहि पाहतात. पाटावर बसून जेवणाऱ्या घरांत ती पंक्तींतच दिसते. आमच्या वहिनींच्या ध्यानांत ती आली, ती नातू पानावरून उठतांनाच.

पुढें मुलास शहरांतील एका इस्पितळांत नेलें. तेथें त्याला जमिनीवरून उठावयास लावलें, चार पायऱ्या चढावयास लावल्या, दहा मीटर धांवावयास सांगितलें, आणि प्रत्येक वेळीं घड्याळ लावून सेकंद टिपले. परत आल्यावर वहिनी आम्हांस म्हणाल्या, “भाऊजी, पोराला औषध द्यायचं सोडून हे त्याला नुसतं उठवतात नि बसवतात. ह्यात कसली आली विद्या?”

आम्हीं त्यांस आपल्याच जिल्ह्यांतल्या तेरच्या गोरोबाकाकांची आठवण दिली. कुंभार मडकें फोडून पाहत नाहीं. थापटून, नादावरून, आंतला कच्चेपणा ओळखतो. उठण्याचे सेकंद हा तसाच एक नाद आहे. स्नायूचा बारीकसा तुकडा काढून त्यांतील प्रथिन मोजतां येतें, हें खरें. २०१६ सालीं अमेरिकेंत एका औषधास सशर्त मान्यता मिळाली, ती अशाच मापावर. आणि त्यावरून तज्ज्ञांत मोठा वाद झाला. कारण प्रथिन किंचित् वाढलें म्हणजे पायांत बळ आलेंच, असें होत नाहीं.

मग बळ मोजावें कसें? नव्या औषधाच्या प्रयोगांत मुलांचे दोन गट करितात. एकास औषध देतात, दुसऱ्यास तसेंच दिसणारें निर्गुण द्रव्य. कोणास काय दिलें हें घरच्यांसहि ठाऊक नसतें आणि परीक्षकासहि. वर्षभरानें दोन्ही गटांची तुलना होते. पुष्कळ वर्षें मुख्य माप होतें सहा मिनिटांच्या चालीचें: आंखलेल्या वाटेवर मूल येरझारा घालतें, पडल्यास सावरण्यासाठीं मागून एक माणूस चालतो, आणि सहा मिनिटांत किती मीटर झाले तें लिहितात. दुसरें माप ‘नॉर्थ स्टार’ नांवाचें. त्यांत खुर्चीवरून उठणें, एका पायावर उभें राहणें, उडी मारणें अशा सतरा कृति. नीट जमल्यास दोन गुण, आधार न घेतां पण वेगळ्या युक्तीनें जमल्यास एक, न जमल्यास शून्य. एकूण गुण चौतीस.

हें ऐकावयास सोपें वाटतें. अडचण पुढें आहे. सात वर्षांखालील मुलाचा रोग आंतून वाढत असला तरी मूलहि वाढत असतें. त्यामुळें त्याची चाल कांहीं काळ सुधारते, आणि पुढें उतरणीस लागते. सहा वर्षांचा आणि दहा वर्षांचा मुलगा एकाच कोष्टकांत मांडले, तर औषधाचें श्रेय वयास किंवा वयाचें अपश्रेय औषधास जावयाचें. शिवाय मापें सारीं एकच उत्तर देतील असेंहि नाहीं. २०२३ सालीं जनुक-उपचाराच्या एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष आला. चार ते सात वर्षांच्या मुलांत नॉर्थ स्टारच्या गुणांचा फरक एका गुणाहूनहि कमी, म्हणून मुख्य कसोटीवर उपचार उतरला नाहीं. पण जमिनीवरून उठण्याचा वेळ मात्र घटलेला दिसला. आशा कोणत्या मापावर ठेवावी? आणि बळाचें माप हें धोक्याचें माप नव्हे: याच उपचारानंतर चालणें थांबलेलीं दोन मुलें २०२५ सालीं यकृत निकामी होऊन दगावलीं.

आम्हांस सर्वांत बोंचते ती गोष्ट निराळीच आहे. चालणें हेंच माप धरलें, तर ज्याचें चालणें थांबलें त्याला परीक्षेस बसतांच येत नाहीं. या विकारांत बहुतेक मुलांचें चालणें तारुण्यापूर्वींच थांबतें. म्हणजे ज्यांस गरज अधिक, तींच दाराबाहेर! वर्गांत न लिहितां येणाऱ्या, पण तोंडीं उत्तम उत्तर देणाऱ्या मुलास नापास करण्यासारखेंच हें झालें. सुदैवानें २०१३ च्या सुमारास हातांच्या बळाचें माप सिद्ध झालें: पेला तोंडाशीं नेणें, डब्याचें झांकण उघडणें, कागद फाडणें. आणखी एक पाऊल पुढें पडलें आहे. घोट्यास यंत्र बांधून मूल घरीं, अंगणांत, दिवसभर कसें वावरतें हें मोजतां येतें. त्याच्या अतिवेगवान् पावलांचा वेग हें मुख्य माप म्हणून युरोपच्या औषध-संस्थेनें २०२३ सालीं मान्य केलें. एका दिवसाच्या परीक्षेपेक्षां वर्षभराची वर्तणूक पाहणें बरें, हें प्रत्येक शिक्षक जाणतो.

आतां घरच्यांनीं काय करावें? खूण दिसतांच वेळ न दवडतां डॉक्टरांकडे जावें. रक्ताची साधी तपासणीहि संशय दृढ करते. आपल्याकडे २०१६ च्या कायद्यानें हा विकार दिव्यांगत्वांत गणला आहे, आणि २०२१ च्या दुर्मिळ-रोग धोरणानुसार मुंबईचें केईएम रुग्णालय हें एक उत्कृष्टता-केंद्र आहे. धाराशिवहून तें फार दूर पडतें. वर्षांतून एक-दोनदां जाणें होईल, तेव्हां मधल्या दिवसांची साक्ष घरानेंच द्यावयाची. आणि एक विनंति: सुनेस बोल लावूं नये. दोष आईकडून येत असला तरी तो तिनें कांहीं केल्यानें येत नाहीं. आणि सुमारें तृतीयांश मुलांत तर तो नव्यानेंच उद्भवतो.

वहिनींनीं एक वही घातली आहे. महिन्यांतून एकदां, मुलास न थकवितां, उठण्याचे सेकंद सूनबाई टिपतात. त्यापुढच्या रकान्यांत वहिनी आपल्या मनानें लिहितात: ‘रात्रीं कूस आपली आपण बदलली.’ ‘उंबरा ओलांडतांना हात धरला.’ गेल्या पौर्णिमेची नोंद एवढीच आहे: ‘पोळी आपल्या हातानें मोडली.’ डॉक्टरांनीं ती वही पाहिली, आणि पुढच्या खेपेस आठवणीनें आणावयास सांगितलें.