२४० वॅटच्या डब्यात मावेल असं कार्ड

ग्राफिक कार्ड घ्यायचं म्हटलं की पोरं पहिला प्रश्न विचारतात, एफपीएस किती मिळतील? मी आधी सीपीयूचं झाकण उघडतो आणि एसएमपीएसवरचं, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं, स्टिकर वाचतो. साक्रीत फ्लेक्स-बॅनरच्या डिझाइनचं दुकान चालवताना ही सवय अंगात मुरली आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात भाच्यासाठी कार्ड घ्यायचं ठरलं, तेव्हाही सगळं गणित त्या स्टिकरपासूनच मांडावं लागलं. त्यावर लिहिलं होतं, २४० वॅट.

भाचा कॉलेजसाठी आमच्याकडे राहतो. ताई-दाजींची शेती पिंपळनेरकडे, मुख्य पीक कांदा. भाच्याचं मशीन म्हणजे एका मोठ्या कंपनीचा ऑफिसातून निघालेला टॉवर. पाच-सहा वर्षं कुठल्या तरी टेबलाखाली हिशेब करून झाले की अशी मशीनं व्यापाऱ्यांमार्फत आमच्याकडे येतात, आणि खेड्यापाड्यातल्या बऱ्याच पोरांची सुरुवात त्यांच्यावरच होते. आय-५ ६५०० प्रोसेसर, २०१५ सालचा, चार कोअरचा. रॅम आम्ही ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या लावून १६ केली होती. व्हॅलोरंट चालायचं, जीटीए ५ सगळी सेटिंग खाली आणूनही अडखळायचं. त्यातच पोरगा ब्लेंडर शिकायला लागला होता आणि एक साधं चित्र रेंडर व्हायला जेवण उरकून यावं लागे.

बजेट पंधरा हजार. त्यातले बरेचसे त्याने लग्नांचे व्हिडिओ एडिट करून जमवलेले, उरलेले कांदा विकल्यावर ताईने दिले. पैसे हातावर ठेवताना ती म्हणाली, "त्या डबामा इतलं काय शे रे भाऊ?" मी तिला मोबाइलवर कार्डाचा फोटो दाखवला, चित्रं काढायचं काम हे करतं, प्रोसेसरचा भार हलका होतो, असं सांगितलं. तिला ते पटलं की नाही कोण जाणे, पण भावाच्या शब्दावर तिने विश्वास टाकला. कांदा काढून, निवडून, ट्रॅक्टरमध्ये भरून बाजारात नेण्याचे कष्ट मी लहानपणापासून पाहिले आहेत. म्हणून मी एकच अट धरली, कार्ड चार वर्षं तरी टिकलं पाहिजे.

भाच्याच्या मनात आरएक्स ६६०० बसलं होतं. "मामा, सगळे तेच घ्या म्हणतात. पैशाच्या मानाने त्याच्या जवळपास कोणी येत नाही." बोलणं खोटं नव्हतं. २०२१ मध्ये आलेलं हे कार्ड, ८ जीबी मेमरीचं. नवं वीस हजारांच्या पुढे-मागे मिळत होतं आणि जुनं आमच्या बजेटात बसत होतं. पण ते १३२ वॅट खातं. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, वरची वीज एसएमपीएसमधून वेगळ्या ८ पिनच्या वायरीने द्यावी लागते. आमच्या डब्यात ती वायरच नव्हती.

मग एसएमपीएस बदला, हा सोपा वाटणारा सल्ला. साध्या असेंबल मशीनला तो लागू पडतो. ऑफिसच्या या टॉवरमध्ये मदरबोर्डला नेहमीची २४ पिनची वायर लागत नाही, कंपनीने स्वतःची ८ पिनची जागा दिलेली असते. म्हणजे वेगळा कनेक्टर मागवा, चांगला ४५० वॅटचा एसएमपीएस घ्या, तो डब्यात बसतो का ते मोजा. अडीच-तीन हजार तिथेच गेले. दुकानात हजार रुपयांतही '५०० वॅट'चं स्टिकर लावलेले एसएमपीएस मिळतात. तसला एक मी पूर्वी उघडून पाहिला आहे. हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. आत बोटभर कॉइल आणि केसासारख्या वायरी. त्याच्या भरवशावर पंधरा हजारांचं कार्ड लावायला माझं मन कधीच धजावलं नसतं.

आणि भिंतीतून येणारी वीज? आमच्या तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, शिवाजीनगरला मोठा सौर प्रकल्प आहे. वीज तयार होण्याची जागा इतकी जवळ असूनही उन्हाळ्यात संध्याकाळी आमच्या गल्लीत व्होल्टेज उतरतं आणि पंखा फिरता फिरता मंदावतो. मधेच वीज जाते, आली की झटका देऊन येते. त्यामुळे यूपीएसशिवाय मी कुणाचंही मशीन सुरू करून देत नाही. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस. ६०० हा आकडा मोठा वाटतो, प्रत्यक्षात तो साधारण ३६० वॅटपर्यंतच भार उचलतो, तोही बॅटरी नवी असताना. मॉनिटर, सीपीयू आणि भुकेलं कार्ड, तिघं एकदम जोर लावतात तेव्हा जुनी बॅटरी टाकलेला यूपीएस वीज जाताक्षणी मान टाकतो. तो खरेदी केला त्याच कामासाठी उपयोगी पडत नसेल तर काय फायदा?

दुकानात माझ्याकडे प्लगमध्ये लावायचं वॅट मोजणारं छोटं मीटर आहे. ते घरी आणून भाच्याच्या मशीनला लावलं. गेम चालू असताना आकडा ऐंशीच्या आत-बाहेर होता, मॉनिटर वेगळा. त्यात ७०-७५ वॅटचं कार्ड मिळवलं तरी २४० च्या डब्याला धाप लागत नाही. १३२ मिळवले की डबा कायम काठावर. भाचा वहीवर बेरीज करत बसला होता, तोच म्हणाला, "मग वायर न लागणारंच घ्यावं लागेल." तो नाराज झाला होता हे दिसत होतं.

वायर न लागणाऱ्या कार्डांत निवड करायला आम्ही एसटीने धुळ्याला गेलो. शेवाळी फाटा, नेर, कुसुंबे, सगळा रस्ताभर पोरगा मोबाइलवर तुलना करत होता. धुळ्याच्या दुकानदाराने पहिल्यांदा जुना माल पुढे केला: आरएक्स ५८०, ८ जीबी, सहा हजारांच्या घरात. स्वस्त का, याला इतिहास आहे. २०२१ मध्ये इथेरियमच्या खाणकामासाठी लोकांनी ग्राफिक कार्डं अशी काही उचलली की गेम खेळणाऱ्यांना ती दुपटीने महाग मिळायची. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धतच बदलली, कार्डांवरचं ते खाणकाम एका दिवसात बंद पडलं आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डं जुन्या बाजारात आली.

ते कार्ड मी हातात घेऊन नीट पाहिलं. पट्टीचे स्क्रू तांबूस गंजलेले. हीटसिंकच्या कडेने तेलकट डाग, म्हणजे आतल्या थर्मल पॅडचं तेल उष्णतेने पाझरलेलं. एक पंखा बोटाने फिरवला तर मऊ फिरून थांबला, दुसरा खरखरला आणि जागच्या जागी डुलला. अशी कार्डं सगळीच वाईट असतात असं मी म्हणणार नाही. पंखा आणि पेस्ट बदलून वर्षानुवर्षं चाललेली मी पाहिली आहेत. ज्याच्या हातात सोल्डर आहे आणि जवळ दुसरं कार्ड आहे, त्याने खुशाल घ्यावं. पण हे १८५ वॅटचं, आणि वॉरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत. जुनं घ्यायचंच असेल तर जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर तिथल्या तिथे चालवून बघावं. जुन्या जीटीएक्स ५५० टीआयचं बायॉस बदलून ते १०५० टीआय म्हणून विकल्याचे प्रकार झाले आहेत, आणि हे सॉफ्टवेअर असं बनावट कार्ड ओळखून तसं लिहूनच दाखवतं.

नव्या मालात वेगळीच काळजी घ्यावी लागते. खोक्यावरचं नाव वाचून कार्ड कळतच नाही. आरएक्स ५८० च्या पुढे बारीक अक्षरात '२०४८ एसपी' असेल तर ते जवळजवळ ५७० असतं. जीटीएक्स १६५० मध्ये जुन्या आणि नव्या मेमरीची दोन कार्डं एकाच नावाने विकली गेली. सगळ्यात कळीचा मुद्दा आरटीएक्स ३०५० चा. २०२२ मध्ये आलं ते ८ जीबीचं, १३० वॅटचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नावाने ६ जीबीचं आलं, ते ७० वॅटचं. मेमरी तर कमी आहेच, आतले कोअरही २५६० वरून २३०४ वर आले आणि मेमरीचा रस्ताही १२८ बिटवरून ९६ बिटवर अरुंद झाला. वेगात ते थोरल्या भावाच्या चांगलंच मागे आहे. ज्याला हे ठाऊक नाही आणि ज्याच्याकडे मोठा एसएमपीएस आहे, त्याचं यात नुकसान होतं. आमच्या डब्याला मात्र हे धाकटंच हवं होतं, कारण त्याला वायर लागत नाही.

इतर पर्याय झटपट बाद झाले. आरएक्स ६५०० एक्सटी दिसायला स्वस्त. पण ते स्लॉटच्या चारच लेन वापरतं, त्यामुळे आमच्या मशीनसारख्या जुन्या, तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर त्याचा दम कोंडतो. शिवाय व्हिडिओ एन्कोडर त्यात दिलेलाच नाही, आणि भाच्याची कमाईच व्हिडिओतून. इंटेलचं आर्क ए७५० चांगलं, पण रिसायझेबल बार नावाची सोय नसलेल्या जुन्या मशीनवर त्याचा वेग बराच घटतो. उरली दोन: १६५०, बारा-तेरा हजारांचं, ४ जीबी, आणि ३०५० चं ६ जीबीवालं, सोळा हजारांच्या वर. पहिलं बजेटात होतं, दुसरं बाहेर.

मी दुसऱ्याच्या बाजूने होतो. आजकालच्या गेमना ४ जीबी मेमरी पुरत नाही, ती भरली की चित्र धक्के खातं. ३०५० मध्ये डीएलएसएस आहे, म्हणजे कार्ड कमी पिक्सेलचं चित्र काढतं आणि ते शहाणपणाने मोठं करून दाखवतं; जुन्या कार्डाचं आयुष्य यानेच वाढतं. आणि ब्लेंडरला आरटीएक्स कार्डावर जो वेग मिळतो तो १६५० वर मिळत नाही. भाच्याने शेवटचा प्रयत्न केला. "मामा, ६६०० याच्या दीडपट तरी पळतं." मी त्याला त्याच्या मॉनिटरची आठवण करून दिली. १०८० पी, ६० हर्ट्झ. सेकंदाला साठच्या वर चित्रं तो दाखवूच शकत नाही. व्हॅलोरंटमध्ये जास्त फ्रेमने हाताला किंचित चपळाई येते हे मला मान्य आहे, पण व्हॅलोरंटचा वेग मुख्यतः प्रोसेसरच्या हातात असतो, आणि तो २०१५ चा.

वरची रक्कम मी घातली. पक्कं बिल घेतलं, त्यावर सीरियल नंबर लिहून घेतला, तीन वर्षांची वॉरंटी. जवळचं सेवा केंद्र धुळ्यात नाही, काही झालं तर कार्ड कुरिअरने पाठवावं लागणार; साक्रीसारख्या ठिकाणी नव्या कार्डाचे दोन-अडीच हजार जास्त मोजणं म्हणूनच मला योग्य वाटलं.

निघायच्या आधी घरून फूटपट्टीने डबा मोजून नेला होता. हार्डडिस्कचा पिंजरा आडवा येतो, लांब दोन पंख्यांचं कार्ड तिथे शिरतच नाही. एका पंख्याचं, सतराएक सेंटिमीटरचं घेतलं. घरी भाच्याने स्वतः बसवलं. मागची पत्र्याची पट्टी काढली, कार्ड सरळ धरून दाबलं, खटका वाजला. मॉनिटरची वायर मदरबोर्डमधून काढून कार्डात लावायची मी आठवण करून दिली. नवं कार्ड घेऊनही कित्येक पोरं वायर जुन्याच जागी ठेवतात आणि कार्ड चालत नाही म्हणून दुकानात येतात.

जीटीए ५ चांगल्या सेटिंगवर साठला टेकलं. प्लगमधल्या मीटरने दीडशेच्या आसपास आकडा दाखवला, यूपीएसला पुष्कळ जागा उरली. ब्लेंडरचं तेच चित्र आता चहा निवेपर्यंत तयार होतं. व्हॅलोरंटमध्ये फरक थोडाच पडला, तो पडणारही नव्हता.

खरी परीक्षा मे महिन्याची. धुळे जिल्ह्यात पारा त्रेचाळीसला पोचतो आणि भाच्याची खोली पत्र्याची. कार्ड जे वॅट खातं ते सगळे शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत उतरतात. ७० आणि १३२ मधला फरक दुपारी बसल्यावर अंगाला कळतो. आम्ही गेमला साठ फ्रेमची मर्यादा घातली, त्यामुळे कार्ड उगाच धावत नाही. भर दुपारी ते पंचाहत्तर अंशांच्या पुढे-मागे राहतं. ८३ च्या आसपास ही कार्डं स्वतःच वेग उतरवतात, तिथवर गेलेलं नाही. धूळ मात्र भयंकर. लू सुटली की बारीक माती आणि कापसाचे तंतू हीटसिंकच्या पात्यांत नमदा धरतात. मी दुकानातला ब्लोअर नेतो. कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवायचा आणि मगच हवा मारायची, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. रंगाच्या मऊ ब्रशने पाती झाडायची. हे काम आता भाचा न सांगता करतो.

परवा निजामपूरहून त्याचा मित्र दुकानात आला. त्याच्याकडे रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर. भाच्याचं पाहून त्यालाही ३०५० च हवं होतं. मी त्याला स्टिकरचा फोटो मागितला, तो मोबाइलवर पाहिला आणि म्हटलं, "तू ६६०० घे. थोडे पैसे कमी पडत असतील तर कापसाचे येईपर्यंत थांब, पण तेच घे." भाचा शेजारीच उभा होता. त्याने मित्राला ८ पिनची वायर कुठली ते फोटोत बोट ठेवून दाखवलं.