मळी

नेसरी म्हटले की लोकांना प्रतापराव गुजर आठवतात. १६७४ साली सहा साथीदारांसह ते इथेच धारातीर्थी पडले. आठवावेतच. पण दिवाळी झाली की आमच्या पंचक्रोशीत कुठूनसा जो वास येतो, तो उकळत्या उसाच्या रसाचा! बहुतेक ऊस आता कारखान्याला जातो. तरी एखाददुसरे गुऱ्हाळ अजून पेटते.

मी मराठीचा अध्यापक. गेल्या वर्षी वर्गाला एक काम दिले : आपल्या भागातल्या धंद्यावर मराठी विकिपीडियासाठी नोंद लिहायची. २००३ साली सुरू झालेला हा ज्ञानकोश कोणीही वाचावा, कोणीही लिहावा असा. तेव्हा विद्यापीठातले ज्ञान आणि धंद्यातले ज्ञान एका पंगतीला बसेल, अशी माझी मोठी कल्पना!

एका मुलीने गुळावर लिहिले. 'रस तापला की वर येणारी मळी गुळव्या काढून टाकतो.' मी लाल शाईने 'मळी' खोडली आणि समासात ऐटीत शेरा मारला : 'मळी साखर कारखान्यात निघते. योग्य शब्द वापरावा.'

वही बघून ती हळूच म्हणाली, "सर, मग आमचे तात्या तीस वर्षं काढतात, ते काय?"

मी प्रश्न टोलवला. पण घरी येऊन, साखर कारखान्यात केमिस्ट असलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, साखरेचे दाणे वेगळे केल्यावर शेवटी जो काळा, दाट द्रव उरतो ती मळी. तिच्यापासून मद्यार्क करतात. झाले! माझी छाती चार बोटे फुगली.

त्याच ऐटीत वर्ग घेऊन मी तात्यांच्या गुऱ्हाळावर गेलो. चुलवाणात चिपाडे धडधडत होती. काहिलीतल्या रसात तात्यांनी भेंडीच्या खोडाचा चीक सोडला, तशी सारी घाण फेसासारखी वर आली.

"ही मळी," तात्या म्हणाले. "मळ त्यो मळी. दुसरं काय म्हणायचं हिला, सर?"

मराठीच्या एम. ए.ला व्युत्पत्ती शिकवली ती गुळव्याने! गुऱ्हाळातली मळी आधी काढायची, कारखान्यातली शेवटी उरायची. शब्द एक, वस्तू दोन. मुलीचे बरोबर, केमिस्टचेही बरोबर. चूक होती ती फक्त माझ्या समासात.

पाक होत आला. एका मुलाने विज्ञान शाखेतून तापमापक आणला होता. पुस्तकात गुळाचा पाक ११८ अंशांच्या आसपास उतरवावा असे असते. तात्यांनी तिकडे पाहिलेही नाही. थेंबभर पाक गार पाण्यात टाकला, बोटांत गोळी वळली आणि म्हणाले, "उतरा!" तापमापक ११७ दाखवत होता.

आम्ही नोंदीत मळीचे दोन्ही अर्थ दिले. पण विकिपीडियाचा नियम असा, की लिहिलेल्याला प्रकाशित आधार हवा. तात्यांची बोटे कुठे छापलेली असणार? आधी मला राग आला, मग लाज वाटली. नियम रास्तच होता. उसाच्या फडाशेजारी आमचे कॉलेज. पण इतक्या वर्षांत आम्ही अध्यापकांनी यातले अक्षर लिहून ठेवले नव्हते. तात्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत. तात्या थकले की हे चुलवाण विझणार, आणि त्याबरोबर सगळे शब्दही.

मग मुलांनी तात्यांना विचारविचारून सारे टिपले. कारखान्याचा भाग केमिस्टने तपासला, गुऱ्हाळाचा भाग मुलीने तात्यांना वाचून दाखवला. लेख कॉलेजच्या वार्षिकांकात छापला. आता कोणी आधार विचारला तर दाखवायला पान तरी आहे. त्याआधी तिच्या वहीतला माझा शेरा मी खोडला आणि खाली सही केली.

अंक घेऊन मी तात्यांकडे गेलो. 'माहिती देणारे' म्हणून छापलेले स्वतःचे नाव त्यांनी बोटाने चाचपून पाहिले.

"सर," ते जरा काळजीने म्हणाले, "आता कुणाची ढेप बिघडली, तर बोल मलाच लागायचा की!"