डोक्यावरचे दिवे

शाळेच्या गॅदरिंगचा लाइट म्हणजे काय, तर दोन ट्यूबलाइट, मंडपवाल्याने आणलेले दोन पिवळे हॅलोजन आणि रंगीत जिलेटिन लावलेली एक फिरती चकती. आपल्यापैकी बहुतेकांची पहिली नाटकं ह्याच उजेडात झाली. हॅलोजन समोर, खाली ठेवलेला. त्यामुळे मागच्या पडद्यावर शिवाजी महाराजांच्या मागे बारा फुटी दुसरे शिवाजी महाराज उभे! आणि शेवटच्या रांगेतली आई शेजारणीला विचारतेय, "आपली कुठली गं त्यात?"

तर आमच्या बॅचने ठरवलं की शाळेच्या हॉलला कायमचे लाइट्स बसवून द्यायचे. शाळा सोडून बारा वर्षं झाली, नोकऱ्या लागल्या, व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंग सोडून काहीतरी करू या असा सात्त्विक विचार. पहिल्या तासाभरात सूचना आल्या त्या अशा: मूव्हिंग हेड, लेझर, स्मोक मशीन. आणि "तू इंजिनियर आहेस ना" म्हणून अभ्यासाचं काम माझ्या गळ्यात. च्यायला, माझा आणि विजेचा संबंध लॅपटॉपच्या चार्जरपुरता! पण असो.

वाचायला लागलो तर पहिलीच गोष्ट मस्त निघाली. येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅन्ली मॅककँडलेस ह्यांनी १९३२ साली रंगमंचाच्या प्रकाशयोजनेवर पुस्तक लिहिलं. त्यांची पद्धत आजही शिकवतात. चेहऱ्यावर समोरून दोन दिवे टाकायचे, एक डावीकडून, एक उजवीकडून, वरून साधारण ४५ अंशांत. एक जरा पिवळसर, दुसरा जरा निळसर. दिवा बरोबर डोक्यावर घेतला तर डोळ्यांच्या जागी नुसते काळे खड्डे दिसतात. अगदी समोर ठेवला तर चेहरा सपाट होतो, आणि मागे ते बारा फुटी महाराज आहेतच.

आता आमच्या हॉलचा हिशोब. स्टेज एक मीटर उंच. त्यावर उभ्या पाचवीतल्या पोराचा चेहरा जमिनीपासून साधारण सव्वादोन मीटरवर. दिव्यांचा पाइप पाच मीटरवर. म्हणजे दिवा चेहऱ्यापेक्षा पावणेतीन मीटर वर, आणि ४५ अंश हवेत तर तेवढाच पुढे. पोरगं स्टेजच्या कडेपासून मीटरभर आत उभं राहतं असं धरलं, तर पाइप स्टेजच्या बाहेर पावणेदोन मीटरवर येतो. तिथे खाली कोण असतं? सतरंजीवर मांडी घालून बसलेली पहिली-दुसरीची पोरं!

म्हणजे एका पोराचा चेहरा दिसावा म्हणून दुसऱ्या पोरांच्या डोक्यावर वजन टांगायचं, असा हा सगळा मामला आहे. हे कळल्यावर लेझरबिझरची हौस माझ्यापुरती तरी संपली. मुख्याध्यापिका बाईंना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "वरून काही पडणार नाही ना रे?"

सहा मीटरचा दीड इंची जीआय पाइप साधारण २१ किलोचा भरतो. त्याचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर, आणि स्टेज लाइटचे क्लॅम्प नेमके ह्याच मापाच्या आसपास बसतात. साडेतीन किलोचा एक असे सहा दिवे, म्हणजे आणखी २१. वायर, क्लॅम्प वगैरे धरून पन्नास किलो. पण माणसांच्या डोक्यावर टांगताना साखळी, शॅकल वगैरे सामान दहापट भाराच्या हिशोबाने घ्यायची पद्धत आहे. म्हणजे पाचशे किलो!

आणि टांगायचं कशाला? वर पत्रे आणि लोखंडी कैच्या. आमच्यातला सिव्हिलवाला अख्खा रविवार शिडीवर होता. त्याचं म्हणणं, कैची पत्र्याच्या आणि वाऱ्याच्या हिशोबाने बनवलेली असते, तुमचे दिवे त्यात कोणी धरलेले नसतात. भार द्यायचा तर जिथे अँगल एकत्र येतात त्या सांध्यावर. मध्येच दिला तर अँगल वाकतो. भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही. एवढं सांगून पुन्हा त्याने रीतसर स्ट्रक्चरल इंजिनियरची सही आणली.

मधल्या काळात एक कॉन्ट्रॅक्टर येऊन गेला. "साहेब, कशाला एवढा खर्च? बाइंडिंग वायरने आवळून देतो, दहा वर्षं हलणार नाही." त्याला चहा पाजून परत पाठवला. आता प्रत्येक दिव्याला क्लॅम्प आहेच, शिवाय पाइपभोवती स्टीलच्या दोरीचा एक फास आहे. क्लॅम्प सुटला तरी दिवा फासात लटकेल. हा फास आखूडच ठेवायचा, कारण दिवा जितका जास्त खाली येईल तितका हिसका मोठा. आणि फास नसेल तर? चार मीटरवरून सुटलेली वस्तू खाली पोचते तेव्हा तिचा वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास असतो. साडेतीन किलो, ताशी ३२ किलोमीटर, दुसरीतलं पोर. ह्यापुढे मला गणित करवलं नाही.

विजेचंही तसंच. जुना १००० वॅटचा हॅलोजन पार कॅन २३० व्होल्टवर ४.३ अँपिअर खातो. १६ अँपिअरच्या सॉकेटवर तीन लावा, चौथा लावलात की मर्यादा ओलांडली. बारा दिव्यांना ५२ अँपिअर! त्याऐवजी प्रत्येकी ३ वॅटचे ५४ छोटे एलईडी असलेला दिवा घेतला तर एकाचे १६२ वॅट, आणि बाराचे मिळून साडेआठ अँपिअर. पण एलईडीच्या बाजूने खरा कौल दिला तो शिपाई मामांनी. "बल्ब उडाला की घोड्यावर चढणार कोण? मीच ना?" एलईडीत उडायला बल्बच नाही, त्यामुळे वर चढणं कमी. विषय संपला.

दिव्यांचा कंट्रोल हा मात्र माझ्या ओळखीचा मुलूख. डीएमएक्स ५१२ नावाचा प्रोटोकॉल १९८६ साली अमेरिकेत ठरला. एका वायरवर ५१२ चॅनल, प्रत्येकाला ० ते २५५ मधला आकडा. आठ बिट हो, दुसरं काय! प्रत्येक दिव्याला पत्ता द्यायचा, एकातून दुसऱ्यात वायर ओवत जायची आणि शेवटच्या दिव्याला १२० ओमचा टर्मिनेटर लावायचा. नववीच्या दोन मुलींना हे अर्ध्या तासात समजलं. माइकची केबल तशीच दिसत असली तरी इथे लावायची नाही, हे मला सांगावं लागलं नाही, त्यांनीच विचारलं.

आणि आग. शिकागोच्या इरॉक्वॉइ थिएटरमध्ये ३० डिसेंबर १९०३ रोजी दुपारच्या खेळाला आर्क लाइटमुळे पडद्याने पेट घेतला. ६०२ माणसं गेली. सुट्टीचे दिवस, त्यामुळे त्यात बायका-मुलं खूप. बाहेर पडायचे कित्येक दरवाजे बंद होते. आमच्या हॉलचा मागचा दरवाजाही मोडक्या बाकांच्या ढिगामागे होता. मामांनी आणि आम्ही मिळून एका शनिवारी तो मोकळा केला. आख्ख्या प्रोजेक्टमधलं हे एकमेव फुकटातलं काम, आणि बहुधा सगळ्यात मोलाचं.

ग्रुपवर अर्थातच वाजलं. निम्म्याहून जास्त पैसे पाइप, क्लॅम्प, अर्थिंग, एमसीबी आणि सह्यांमध्ये गेले. एक मित्र म्हणाला, "अरे, फोटोत काय दिसणार? पाइप?" त्याचं चूक नाही. पैसे देणाऱ्याला काहीतरी दिसावंसं वाटणारच. मी त्याला तापस सेन ह्यांच्याबद्दल सांगितलं. १९५९ साली कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये उत्पल दत्त ह्यांच्या 'अंगार' नाटकात त्यांनी खाणीत पाणी भरत जातंय हे नुसत्या प्रकाशातून दाखवलं होतं. तेव्हा ना एलईडी, ना डीएमएक्स. सुरक्षित टांगलेले बारा साधे दिवे असतील तर जादू पोरं करतील, आपण फक्त पाइप देऊ. त्याने अंगठ्याचा इमोजी टाकला. पटलं की कंटाळला, कोण जाणे :)

ह्या वर्षीचं गॅदरिंग ह्या दिव्यांत झालं. काय झालं विचाराल, तर काहीच नाही! फ्यूज गेला नाही, काही पडलं नाही. वर कोणी बघितलंसुद्धा नाही. मी मागे उभा राहून अर्धा वेळ पाइपच बघत होतो, स्टेजवर काय चाललंय ते मला नंतर व्हिडिओत कळलं. माझ्या पुढे बसलेल्या एका आजीबाई मात्र शेवटच्या रांगेतून नातवाकडे बोट दाखवून शेजारच्यांना सांगत होत्या, "तो बघा, तिसरा, हसतोय तो."

आता स्विचबोर्डशेजारी खिळ्याला एक वही टांगली आहे. दर जूनला आमच्यापैकी दोघांनी जाऊन क्लॅम्प, फास आणि साखळ्या तपासायच्या, तारीख टाकून सही करायची. पहिल्या पानावर दोन सह्या झाल्यात. पुढच्या जूनला कोण जाणार ह्यावर ग्रुपवर अजून शांतता आहे. तुम्ही तुमच्या शाळेत गेलात तर बाकं, फळा, ग्राउंड सगळं बघालच. जाता जाता हॉलमध्येही डोकवा, आणि एकदा वर बघा.