बसून राहा, आबाजी

डवऱ्यामागे जन्म काढलेल्या माणसाची पिंढरी पाहण्यासारखी असते. नांदगाव खंडेश्वरच्या काळ्या रानात पाऊस पडला की पायाला शेर-शेर चिखल चिकटतो, आणि तो उचलत माणूस कपाशीच्या ओळींतून सांज करतो. आमच्या आबाजींची पिंढरी तशी होती. बोटानं दाबली तरी दबायची नाही.

धुऱ्यावरून घसरून नडगी मोडली, प्लास्टर चढलं. ते कापलं तेव्हा आत वेगळाच पाय निघाला. कातडी पांढुरकी, कोंडा सुटलेली. पिंढरी हातात धरली तर हाडापासून सुटी हलणारी. आबाजी बघत राहिले. म्हणाले, "पाय तं मायाच हाय, पन वयखू येत नाही."

पिंढरीच्या फुगीर स्नायूखाली सोलियस नावाचा चपटा स्नायू असतो. आपण नुसते उभे असलो तरी तोंडघशी पडू नये म्हणून तो राबत असतो. म्हणूनच भार सुटला की सगळ्यात आधी उतरणाऱ्यांत तो असतो. शेतकरी उन्हाळ्यात रिकाम्या बैलालाही ढेप घालतो, कारण त्याला पुढचा मृग दिसत असतो. शरीराला मृग दिसत नाही. काम थांबलं की थोड्याच दिवसांत नवं प्रथिन घडणं मंदावतं, जुन्याची झीज चालूच राहते. तंतू बारीक होतात. ताकद तर घेरापेक्षाही लवकर जाते, कारण मेंदूकडून येणारी हाकही क्षीण झालेली असते.

त्यासाठी हाड मोडायलाच हवं असं नाही. अंतराळ स्थानकातले लोक पट्ट्यांनी स्वतःला जखडून घेऊन पळतात, रोज सुमारे 2 तास व्यायाम करतात. 2025 मध्ये तिथे गेलेल्या शुभांशु शुक्लांनी स्नायूंच्या पेशींवर प्रयोगही केला. जमिनीवर फुकट मिळणारा भार तिथे घाम गाळून मिळवावा लागतो.

आणि आम्ही घरात काय केलं? "बसून राहा, आबाजी, हलू नका." गडू हाताशी, ताट खाटेवर. सुना, नातवंडं, साऱ्यांनीच मायेपोटी त्यांचं एकेक काम काढून घेतलं. मग एक दिवस लक्षात आलं, धड पायाचाही घेर उतरला होता. तो तर कधी मोडलाच नव्हता.

आता ते खांब धरून टाचा उचलतात, हात न टेकता खाटेवरून उठायला बघतात. जे पटकन गेलं ते भरून यायला वेळ लागतो; म्हातारपणी तर फारच. पाण्याचा रांजण आम्ही ओसरीच्या पार त्या टोकाला नेऊन ठेवला. तहान लागली की आबाजी काठी घेऊन निघतात, आणि आलेले पाहुणे आमच्याकडे रागानं पाहतात. त्यांची समजूत आबाजीच काढतात, "मीनंच सांगतलं याहिले, मले हाती पानी देऊ नका."