पदवीचे वांटेकरी

विद्यापीठांचे निकाल लागून पदवीदान समारंभ पार पडले, म्हणजे शाळेच्या परिवारांत आनंदाचे दिवस सुरू होतात. कोणाची मुलगी डॉक्टर होऊन येते, कोणाचा मुलगा इंजिनिअर होतो, तर कोणी एम्. ए. होऊन आपल्याच गांवच्या शाळेंत शिकवूं लागतो. जुने विद्यार्थी पेढ्यांचा पुडा घेऊन शिक्षकांच्या खोलींत येतात. ज्यांच्या वह्यांत आम्हीं एके काळीं तांबड्या शाईनें ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दाखविल्या, तेच आज आमच्याहून मोठ्या पदव्या मिळवून समोर उभे राहिलेले पाहून जो आनंद होतो, तो शिक्षकाच्या पेशाचा खरा मेहनताना होय. अशा गुणी विद्यार्थ्यांचा सत्कार अवश्य व्हावा, टाळ्यांचा गजर व्हावा, फलकावर त्यांचीं नांवें ठळक अक्षरांत झळकावीं. याविषयीं आमचें दुमत नाहीं.

परंतु प्रत्येक सत्काराच्या वेळीं एक विचार आमच्या मनांत येतो, आणि तो आज वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. पदवीपत्रावर नांव एकाचेंच असतें. पण ती पदवी खरोखर एकट्याची असते काय? खळ्यावर धान्याची रास पडली, म्हणजे पेरणारा, खुरपणारा, रात्रीं माळ्यावर बसून राखण करणारा, या सर्वांचे कष्ट त्या राशींत असतात, हें शेतकऱ्याच्या मुलाला सांगावें लागत नाहीं. मग पदवीच्या राशींत कोणाकोणाचे कष्ट आहेत, हें कोणी मोजावें?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. महाबळेश्वरीं उगम पावलेली कृष्णा वाई, कऱ्हाड, सांगली अशी वाहत जाते. तिच्या कांठच्या या मुलखानें देशाला मोठमोठे पदवीधर दिले आहेत. त्यांतील दोघातिघांचीं चरित्रें आपण पाहूं.

कऱ्हाडनजीक टेंभू नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें १८५६ सालीं गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म एका निर्धन घरांत झाला. शिकण्याच्या ओढीनें ते सह्याद्रि ओलांडून पायीं रत्नागिरीस गेले. तेथें निभाव लागेना, म्हणून परत आले. पुढें अकोल्यास नातेवाइकांच्या आश्रयानें मॅट्रिक होऊन पुण्यास डेक्कन कॉलेजांत दाखल झाले. अंगांतला एकुलता सदरा रात्रीं धुवावयाचा आणि सकाळीं तोच घालावयाचा, असे दिवस त्यांनीं काढल्याचें सांगतात. १८८० सालीं ते एम्. ए. झाले. त्या काळीं एम्. ए. झालेल्या तरुणापुढें सरकारी नोकरीचे दरवाजे सताड उघडे असत. अशा वेळीं त्यांनीं आपल्या मातोश्रींस पत्र लिहिलें, कीं मुलाला मोठा पगार मिळेल ही आशा तिनें मनांतून काढून टाकावी. चरितार्थ चालला कीं पुरे, बाकीचें आयुष्य लोकांच्या कामीं लावावयाचें, असा आपला निश्चय त्यांनीं तिला कळविला. तें पत्र ऐकतांना त्या माउलीच्या मनांत काय आलें असेल? मुलाच्या पदवींत तिचाहि वांटा होता, आणि तो वांटा मुलानें लोकांना देऊन टाकला होता.

आगरकरांचा खरा पराक्रम एम्. ए. होण्यांत नसून त्यानंतरच्या पंधरा वर्षांत आहे. न्यू इंग्लिश स्कुलांत त्यांनीं शिकविलें; १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज स्थापन करणाऱ्यांत ते होते; १८९२ सालीं ते त्या कॉलेजाचे प्राचार्य झाले, आणि १८९५ सालीं वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं वारले. त्याच सोसायटीनें १९१९ सालीं सांगली आणि मिरज यांच्या दरम्यान विलिंग्डन कॉलेज काढलें. ज्या कृष्णाकांठाहून एक मुलगा विद्येसाठीं पायपीट करीत बाहेर गेला, त्याच कृष्णाकांठीं त्यानें उभारलेल्या संस्थेनें कॉलेज आणून ठेवलें. कर्ज फेडणें याला म्हणतात.

टेंभूहून आतां साताऱ्यास येऊं. येथील सरकारी हायस्कुलांत, जें आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखलें जातें, ७ नोव्हेंबर १९०० रोजीं भिवा रामजी आंबेडकर नांवाचा मुलगा इंग्रजी पहिलींत दाखल झाला. महाराष्ट्रांत हा दिवस २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेंत येण्यापूर्वींच साताऱ्यांत आई त्याला अंतरली होती. पुढें कुटुंब मुंबईस गेलें. तेथें वडील, सुभेदार रामजी, परीक्षेच्या दिवसांत मुलाला अभ्यासासाठीं रात्रीं दोन वाजतां उठवीत. मुलानें पुस्तक मागितलें आणि हातांत पैसा नसला, म्हणजे ते आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात. त्यांच्यापाशींहि रोकड नसली, तर त्यांचा एखादा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवून पुस्तक आणीत, आणि पेन्शन हातीं आली कीं तो सोडवून परत करीत.

१९०७ सालीं हा मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हां त्याच्या वस्तींतील लोकांनीं सभा भरवून त्याचा सत्कार केला. त्या सभेंत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्याला भेट दिलें. पुढें कॉलेजाचा खर्च घरीं झेपेना, तेव्हां केळुसकरांनींच बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ति मिळवून दिली. सत्कार असावा तर असा! हार दुसऱ्या दिवशीं सुकतो; या सत्कारांतून एक ग्रंथ मिळाला आणि पुढच्या शिक्षणाची वाट मोकळी झाली. १९१२ सालीं बी. ए., मग अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठाची पीएच्. डी., लंडन विद्यापीठाची डी. एस्सी., आणि बॅरिस्टरी, अशा पदव्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मिळविल्या. परतफेडहि तशीच केली. १९४५ सालीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करून १९४६ सालीं त्यांनीं मुंबईस सिद्धार्थ कॉलेज काढलें, आणि पुढें राज्यघटनेच्या मसुदा समितीचें अध्यक्षपद सांभाळलें. त्यांच्या पदव्या आपले विद्यार्थी घडाघडा म्हणून दाखवितात. परंतु पुस्तकांसाठीं ज्यांचे दागिने गहाण पडत, त्या बहिणींचीं, मंजुळा आणि तुळसा हीं नांवें, किती जण सांगूं शकतील?

हा मजकूर वाचतांना आम्हांस नेहमीं आमच्या अक्काची आठवण होते. कोठें बाबासाहेब आणि कोठें आम्ही! पण बहिणी मात्र सगळीकडे सारख्या. आमचे वडील वारले तेव्हां अक्का सातवींत होती व आम्ही तिसरींत. घरांत एकाचीच फी भरण्याइतका पैसा होता. अक्कानें शाळा सोडली आणि ती शिवणाच्या यंत्रावर बसली. आम्ही कोल्हापुरास वसतिगृहांत राहून शिकत असतां दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत तिची मनीऑर्डर येई. कुपनावर दोनच ओळी असत: “प्रकृति जपावी. इकडील काळजी नसावी.” पदवीदानाच्या दिवशीं आम्हीं भाड्यानें आणलेला झगा अंगांत घातला, तेव्हां तिनें प्रथम त्याची कड उलटून पाहिली आणि ती म्हणाली, “टांके फार लांब घातलेत रे.” संध्याकाळीं झगा दुकानीं परत केला, अनामत रक्कम मोजून घेतली, आणि तो हिशेब तेथें मिटला. पण अक्कानें घातलेल्या टांक्यांचा हिशेब कोणत्या दुकानीं मिटवावयाचा?

तिची धाकटी मुलगी आज सांगलीस कॉलेजांत शिकत आहे. तिच्या फीचा भार आम्हीं आपल्याकडे घेतला आहे. यांत उपकार नाहीं, फेड आहे. आणि तीहि पुरती नव्हे. एकदां आम्हीं अक्काला विचारलें, “शाळा सुटली, त्याचें तुला वाईट वाटलें का?” ती म्हणाली, “भूगोल आवडायचा मला.” एवढेंच बोलून तिनें सुईंत दोरा ओवला.

स्वतः पदवी न मिळवितां हजारों पदवीधर घडविणारीं माणसेंहि याच भूमींत होऊन गेलीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांचें घराणें सांगली जिल्ह्यांतील ऐतवडे बुद्रुक येथलें. ते स्वतः मॅट्रिकची परीक्षा पार करूं शकले नाहींत. ज्या वर्षीं विलिंग्डन कॉलेज निघालें, त्याच १९१९ सालीं त्यांनीं कऱ्हाड तालुक्यांतील काले या गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ सालीं साताऱ्यांत त्यांनीं वसतिगृह काढलें, आणि तेथें सर्व जातिधर्मांचीं मुलें एकत्र राहूं लागलीं व एका पंक्तीस जेवूं लागलीं. कोठींतलें धान्य संपण्याची वेळ आली, तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचें सोनें, अखेर मंगळसूत्रहि, मुलांच्या भाकरीसाठीं काढून दिलें. लक्ष्मीबाई १९३० सालीं वारल्या. १९४७ सालीं साताऱ्यांत सुरू झालेलें छत्रपति शिवाजी कॉलेज त्यांच्या दृष्टीस पडलें नाहीं. त्या कॉलेजांत श्रम करून शिकणाऱ्या मुलांच्या प्रत्येक पदवींत मात्र त्यांच्या सोन्याचा एक कण आहे.

१९५९ सालीं पुणें विद्यापीठानें भाऊरावांस डी. लिट्. ही सन्मान्य पदवी दिली. त्याच विद्यापीठास २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे. सावित्रीबाई सातारा जिल्ह्यांतील नायगांवच्या. १८४८ सालीं त्यांनीं व जोतीरावांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, तेव्हां मुंबई विद्यापीठाचा जन्म व्हावयास अजून नऊ वर्षें होतीं. ज्यांनीं विद्यापीठाची एकहि परीक्षा दिली नाहीं, त्यांच्या नांवाच्या विद्यापीठांतून आज मुली पदव्या घेऊन बाहेर पडतात. पदवीचा मान कोणाचा, या प्रश्नाचें याहून स्पष्ट उत्तर कोणतें?

आणखी एकच उदाहरण देतों. देवराष्ट्रें हें गांव पूर्वीं सातारा जिल्ह्यांत होतें, आतां सांगली जिल्ह्यांत आहे. तेथें १९१३ सालीं यशवंतराव चव्हाणांचा जन्म झाला. वडील लहानपणींच गेले. आई विठाबाई यांनीं, स्वतः अक्षरओळख नसतां, मुलांना वाढविलें. यशवंतराव १९३८ सालीं बी. ए. व १९४१ सालीं एल्एल्. बी. झाले, आणि १९६० सालीं महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्याच कारकीर्दींत गरीब घरांतील विद्यार्थ्यांस फीची सवलत मिळाली, आणि १९६२ सालीं कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झालें. सातारा व सांगली जिल्ह्यांतील मुलांस पदवी घराजवळ मिळूं लागली, ती तेव्हांपासून.

आतां पालकांस दोन शब्द. वरील हकीकती वाचून कोणी असा अर्थ घेऊं नये, कीं एका मुलाच्या पदवीसाठीं घरांतील दुसऱ्यानें शाळा सोडणें हाच थोरपणाचा मार्ग आहे. मोठ्या माणसानें समजून उमजून केला, तर तो त्याग. बारा वर्षांच्या मुलीकडून करवून घेतला, तर ती सक्तीची वसुली. आमच्या घरीं त्या वेळीं दुसरी वाट दिसत नव्हती. आज शिष्यवृत्त्या आहेत, वसतिगृहें आहेत, ‘कमवा व शिका’ योजना आहेत. आणि विचारावयास शिक्षक आहेत. मुलगी हुशार असून तिचें नांव शाळेंतून काढण्याची वेळ आली, तर कृपा करून आधीं आमच्याकडे या. एखाद्या पालकानें शाळेच्या पायऱ्या चढण्याचा संकोच केला, म्हणून आणखी एका मुलीचा भूगोल अर्धा राहूं नये.

आणि ज्यांचा सत्कार व्हावयाचा, त्या आमच्या पदवीधरांस एकच विनंती. पुढील समारंभास येतांना एकट्यानें येऊं नये. ज्या माणसाच्या कष्टांवर आपण शिकलों, त्याला बरोबर आणावें. मग ती आई असो, चुलता असो, हमाली करणारा थोरला भाऊ असो, कीं शिवणकाम करणारी बहीण असो. व्यासपीठावर आधीं त्यांचें नांव घेतलें जाईल, आणि नंतर आपलें. यानें आपला मान रतिभरहि कमी होणार नाहीं.

जीं मुलें अजून आमच्या वर्गांत बसतात, त्यांना पदवीपर्यंत पुष्कळ वाट चालावयाची आहे. त्यांनीं आज घरीं गेल्यावर इतकेंच करावें: आपल्या फीचा पैसा कोठून येतो, हें विचारावें. उत्तर मिळेल तें नीट ऐकून घ्यावें, आणि मग अभ्यासाला बसावें.