समुद्रदर्शनी खोली

आईला दोन-तीन संध्याकाळी समुद्रकाठी निवांत बसता यावे, एवढ्याच हेतूने मागील डिसेंबरात आम्ही तारकर्लीस गेलो. तिचे वय ८४; सारे आयुष्य कृष्णाकाठी गेलेले. समुद्र तिने एकदाच पाहिला होता, तोही मुंबईतल्या एका लग्नाच्या घाईत, टॅक्सीच्या खिडकीतून. चिरंजीव, सूनबाई आणि नात पुण्याहून सांगलीस आली आणि कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, कसाल असा रस्ता धरून आम्ही सहाही जण दुपारी मालवणात पोहोचलो.

मालवणच्या दक्षिणेस तारकर्ली आणि त्यापुढे देवबाग. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. टोकाशी नदी समुद्रास मिळते. वाळू मऊ, पाणी नितळ. निसर्गाविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आम्ही उतरलो त्या रिसॉर्टविषयी आणि, खरे सांगायचे तर, स्वतःविषयी.

आमच्या ‘समुद्रदर्शनी’ खोलीच्या खिडकीतून प्रथम दर्शन घडले ते जनरेटरच्या पत्र्याच्या शेडचे. तिच्या डावीकडे, सुरूच्या बुंध्यांमधून, हातभर निळी रेघ दिसत होती. छायाचित्रात तर व्हरांडा लाटांना टेकलेला होता! वास्तविक मला तेव्हाच शंका यावयास हवी होती. बँकेत असताना हॉटेलांची कर्जप्रकरणे मी तपासली आहेत. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम सर्वसाधारणपणे वर्ज्य ठरविले होते, हे मला तोंडपाठ होते. कर्जदाराच्या कागदावर लाल शाईने शेरे मारणारा माणूस स्वतःच्या सहलीच्या वेळी मात्र चित्र पाहून पैसे भरून मोकळा झाला. गुडघे धरलेल्या आईला वाळूतून तेवढे अंतर चालणे अशक्यच होते.

कोमट पाणी, ओलसर चादरी, न वाजणारी घंटी यांविषयी लिहीत नाही. जेवणाविषयी लिहिले पाहिजे. दूरध्वनीवर ‘जैन जेवण मिळेल’ असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात व्यवस्थापकाने विचारले, “जैन म्हणजे कांदा-लसूण नको, एवढंच ना?” बटाट्याचे सांगितल्यावर त्याने मान डोलावली. मात्र रात्रीचे जेवण आठ वाजता, हा तेथील नियम होता. त्या दिवसांत तेथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि आईचा रात्रीभोजनाचा त्याग चाळीस वर्षांचा आहे. साडेपाचला मी स्वयंपाकघराशी गेलो, तर दाराला कुलूप होते. आचारी बाजारात गेलेला. आईने दोन केळी आणि घरून आणलेली अर्धी दशमी खाल्ली, गाळलेले पाणी घेतले आणि “पोट भरलं” म्हणाली. ते भरले नव्हते, हे आम्हा सर्वांना दिसत होते.

“बाबा, उद्या सकाळी दुसरीकडे जाऊ,” चिरंजीव म्हणाले. मी नकार दिला. दोन खोल्यांचे तीन रात्रींचे ३९,००० रुपये आगाऊ भरले होते आणि परतावा मिळणार नव्हता. बुडालेला खर्च पुढील निर्णयात धरू नये, हे एम.कॉम.ला शिकलो होतो. अडचणीतल्या कितीतरी कर्जदारांना ते शाखेत बसून समजावलेही होते. सौभाग्यवती एवढेच म्हणाली, “पैसे गेलेच आहेत. आता आईंनाही उपाशी ठेवायचं का?” मी खाते बंद करावे तसे संभाषण बंद केले.

दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. कुरटे बेटावर महाराजांनी १६६४ मध्ये याचे काम सुरू केले आणि १६६७ मध्ये ते पूर्ण झाले. आईला होडीत चढणे शक्य नव्हते. ती आणि सौभाग्यवती धक्क्यावर थांबल्या. आम्ही परत आल्यावर किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरींची हकीकत नातीने आईला सांगितली. “चोहीकडे खारं आणि मध्ये गोडं?” आई म्हणाली, “मग आपल्या हॉटेलच्या नळालाच मचूळ पाणी का येतं गं?” त्या सहलीत ती प्रथमच मनापासून हसली.

धक्क्यावर या दोघींनी मात्र किल्ल्याहून मोठी कामगिरी केली होती. कोकम आणि फणसपोळी विकणाऱ्या एका बाईंशी त्यांची ओळख झाली होती. बाईंचे घर तारकर्लीतच, माडांच्या वाडीत. मागणीप्रमाणे त्या जेवण करून देत. त्यांच्या घरी सोमवारी मासळी शिजत नसे आणि त्या दिवसाची भांडीही वेगळी होती. आमची सारी पथ्ये ऐकून त्या म्हणाल्या, “कांदो-लसूण नको ना? मगे सोपा आसा.” पाच वाजता पाने मांडली गेली: घावणे, गूळ घातलेला नारळाचा रस, काळ्या वाटाण्याची उसळ, भात. जेवण आटोपून आई अंगणातल्या बाकावर बसली. समोर कुंपण नव्हते, जनरेटर नव्हता. वाळूचा एक उंचवटा आणि त्यापलीकडे सगळा समुद्र. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा तिने हात जोडले आणि अंधार पडेपर्यंत ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशीही आम्ही तेथेच जेवलो.

आपल्यापैकी कोणी तिकडे जाणार असेल, तर ‘जैन जेवण मिळेल का’ असे विचारू नये. स्वयंपाकघर किती वाजता उघडते, भांडी वेगळी आहेत का आणि खोलीपासून पाण्यापर्यंत किती पावले चालावे लागते, हे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

झोपायला मात्र आम्ही तिन्ही रात्री रिसॉर्टवरच गेलो. वीज गेली की जनरेटर सुरू होई आणि आई उठून बसे. परतीच्या वाटेवर, फोंडा घाट चढताना, तिने मला विचारले, “त्या बाईंकडे राहायला खोली नव्हती का रे?”

होत्या. दोन होत्या, स्वच्छ, शेणाने सारवलेल्या पडवीच्या. घावणे खाल्ले त्या पहिल्याच संध्याकाळी बाईंनी मला त्या दाखविल्या होत्या आणि भाडेही सांगितले होते.

“विचारलं नाही,” मी म्हणालो आणि गाडीची काच वर केली.